खुर्दा आणि हुतात्मा

पानिपतच्या संहाराची वार्ता दक्षिणेत ज्या सावकारी पत्राने आली असे परंपरा सांगते, ते पत्र मराठी वाचकाच्या परिचयाचे आहे. त्याच्या सांकेतिक भाषेत प्रमुख पुरुष मोती झाले, सरदार मोहरा झाले आणि सामान्य शिपाई खुर्दा झाला. मोत्यांची व मोहरांची मोजदाद झाली. खुर्द्याची झाली नाही. पत्राच्या अस्सलपणाविषयी संशोधकांनी काय तो निर्णय द्यावा. वार्तालेखनाच्या एका वृत्तीचा नमुना म्हणून ते बोलके आहे. १७६१ नंतरच्या अडीच शतकांत शिपाई खुर्दा राहिला नाही. त्याला नाव मिळाले, छायाचित्र मिळाले, ‘हुतात्मा’ ही पदवी मिळाली. परंतु नाव देताना वृत्तमाध्यमांनी त्याचे माणूसपण त्याच्याकडे राहू दिले काय, हा प्रश्न वाङ्मयाच्या अभ्यासकानेही विचारण्याजोगा आहे. कारण तो अखेर भाषेचा प्रश्न आहे.

१९९९ सालचे कारगिलचे युद्ध हे दूरचित्रवाणीने आपल्या घरात आणलेले पहिले युद्ध. पाचशेंहून अधिक सैनिक त्यात कामी आले. पूर्वीच्या युद्धांत मृतांवर बहुधा रणभूमीच्या आसपासच अंत्यसंस्कार होत. या वेळी पार्थिव देह गावोगावी पोचविण्यात आले आणि अंत्ययात्रा हा वार्तेचा एक स्वतंत्र प्रकार बनला. आपल्या माणसाचे अखेरचे दर्शन घरच्यांना घडले, ही गोष्ट इष्टच होती. मात्र त्या वार्तेला लवकरच साचा प्राप्त झाला. ध्वजात गुंडाळलेली पेटी, बंदुकांची मानवंदना, आणि धाकट्यालाही सैन्यात धाडीन असे सांगणारी माता. माता तसे म्हणतही असेल, आणि मनापासून म्हणत असेल. दोष तिचा नव्हे. दोष त्या प्रश्नाचा, ज्याला दुसरे उत्तर चालत नाही.

याच युद्धातील दोन उदाहरणे पाहावीत. कॅप्टन विक्रम बत्रा यांनी जूनमध्ये एक शिखर जिंकल्यावर वार्ताहराशी बोलताना आपला उत्साह एका शीतपेयाच्या जाहिरातीतील वाक्याने व्यक्त केला. ७ जुलै रोजी दुसऱ्या शिखरावर त्यांना मृत्यू आला. ते वाक्य हा चोवीस वर्षांच्या तरुणाचा खट्याळपणा होता. मृत्यूच्या तोंडाशी उभे राहून बाजारी भाषेला केलेला तो विनोद होता. माध्यमांनी त्याची रणगर्जना केली. पुनरुक्तीने त्यातील हसू पुसले गेले, आणि हसणारा तरुणही त्याबरोबर पुसला गेला. दुसरे उदाहरण ग्रेनेडियर योगेंद्रसिंह यादव यांचे. त्यांचे परमवीरचक्र प्रथम मरणोत्तर म्हणून जाहीर झाले. वस्तुतः ते रुग्णालयात उपचार घेत होते आणि मृत्यू त्यांच्या नामबंधूला आला होता. हा घोटाळा माध्यमांनी केलेला नव्हे. तरी प्रस्तुत लेखकाला तो रूपकासारखा वाटतो. वीरगाथेच्या रूढ साच्याला मृत नायक सोयीचा असतो. जिवंत राहिलेला जखमी माणूस त्यात कोठे बसवावा हे त्या साच्याला ठाऊक नसते.

आपल्या साहित्यशास्त्राने वीररसाचा स्थायीभाव उत्साह मानला, क्रोध नव्हे. आणि करुणाचा शोक. दोहोंच्या परिपोषाला अवकाश लागतो. वार्तापत्र एका निवेदनात वीराकडून करुणाकडे आणि तेथून जाहिरातीकडे वळते, तेव्हा परिपोष होत नाही. केवळ विभावांची मांडामांड होते. काव्यातील साधारणीकरण विशिष्टातून वाट काढीत सामान्यापाशी पोचते. येथे सामान्य आधीच सिद्ध असते, विशिष्टाचे नाव तेवढे त्यावर चिकटविले जाते.

वृत्तपत्र म्हणजे काव्य नव्हे, त्याला घाई असते, असा आक्षेप येथे येईल. परंतु घाईपेक्षा निवड महत्त्वाची. सेकंड लेफ्टनंट राम राघोबा राणे यांनी एप्रिल १९४८ मध्ये नौशेरा-राजौरी मार्गावरील सुरुंग व अडथळे दूर करून रणगाड्यांना वाट करून दिली. त्यांच्या परमवीरचक्राचे शासकीय मानपत्र तारीखवार, वेळेनिशी केलेल्या कामांची नोंद देते. त्यात विशेषणे थोडी, क्रियापदे पुष्कळ. शौर्य हे श्रमाचे, चिकाटीचे आणि कौशल्याचे रूप घेऊ शकते, हे त्या रुक्ष गद्यातून जितके कळते तितके पुष्कळशा अलंकृत वार्तांतून कळत नाही.

साच्यात न बसणारे माध्यमांच्या नजरेतून निसटते. १८ नोव्हेंबर १९६२ रोजी रेझांग ला येथे मेजर शैतानसिंह यांची तुकडी जवळजवळ सबंध कामी आली. वाचलेल्यांच्या हकिगतीवर प्रथम विश्वास बसला नाही. १९६३ मध्ये खंदकांत गोठलेले देह सापडले तेव्हा तो बसला. पराभवाच्या वृत्तांतात शूर शिपायाला जागा सापडणे किती कठीण असते, याचे हे उदाहरण. उपजीविकेचेही तसेच. २०२२ साली अग्निपथ योजना जाहीर झाली. चार वर्षांची सेवा आणि चौघांपैकी फार तर एकाला पुढे कायम राहण्याची संधी, अशी तिची अट. तरुण रस्त्यावर आले, तेव्हा सैन्यसेवा ही नोकरीही आहे, हे सत्य बातमीच्या मथळ्यात आले. शेतीत न भागणाऱ्या कुटुंबांना ते पिढ्यान्‌पिढ्या ठाऊक होते. त्यागाला पगाराचा विटाळ होतो असे मानणारी दृष्टी सैनिकाचा गौरव करीत नाही. ती त्याच्या घराकडे पाठ फिरविते.

‘शहीद’ हा शब्द सेनादले अधिकृतपणे वापरीत नाहीत, असे सरकारने २०२१ मध्ये संसदेत सांगितले. मराठीत तर ‘कामी आला’ असा जुना, साधा शब्दप्रयोग आहे. त्यात काम आहे, आणि ते करणारा माणूसही आहे. खुर्द्याची गणती झाली नाही, हा जुन्या वार्तेचा अन्याय. सर्वांची मोहर एकाच छापाची पाडणे हा नव्या वार्तेचा. मोहरेचे मोल अधिक खरे. परंतु नाणे कोणत्याही धातूचे असो, त्याला चेहरा असतो तो टांकसाळीने दिलेला. शिपायाला स्वतःचा चेहरा होता.