वाग्दोष आणि लोकमत

साहित्याच्या परीक्षणात आपण शब्दाचे बळ जोखीत असतो. परंतु ज्या शब्दाने सत्ता उलथते असे म्हणतात, त्या निवडणुकीतील शब्दाचे परीक्षण मात्र आपण दूरचित्रवाणीच्या निवेदकांवर सोपवून मोकळे होतो. उमेदवाराची जीभ घसरली की निवडणूक फिरली, हा त्यांचा आवडता सिद्धांत. महाराष्ट्राच्या अनुभवावर तो कितपत उतरतो, हे पाहणे उद्बोधक ठरेल.

मुंबईवरील २००८ च्या हल्ल्यानंतर गृहमंत्री आर. आर. पाटील यांनी, मोठ्या शहरांत अशा लहानसहान गोष्टी घडतच असतात, अशा अर्थाचे एक हिंदी वाक्य उच्चारले. एका लोकप्रिय चित्रपटसंवादाची छाया त्यावर स्पष्ट दिसत होती. शोकाच्या प्रसंगी उसना शब्द वापरावा, आणि तोही रंजनासाठी घडविलेला, याहून मोठे अनौचित्य ते कोणते? त्यांस पद सोडावे लागले. तथापि २००९ साली तासगाव-कवठेमहांकाळच्या मतदारांनी त्यांस पुन्हा निवडून दिले, आणि गृहखातेही त्यांच्याकडे परत आले.

अजित पवार यांनी २०१३ च्या दुष्काळात इंदापूर तालुक्यात धरणाच्या पाण्याविषयी काढलेले उद्गार अभिरुचीस अधिकच सोडून होते. त्यांनी क्षमा मागितली, कराडास यशवंतराव चव्हाणांच्या समाधीपाशी उपोषण केले. आणि २०१४ साली बारामतीने त्यांनाच निवडले. त्या वर्षी त्यांच्या पक्षाची राज्यातील सत्ता गेली, हे खरे. परंतु सिंचनाच्या कारभाराचा वाद २०१२ पासूनच पेटलेला होता. त्या वाक्याने आधीच साचलेल्या रोषास केवळ वाचा दिली. सारांश, वाग्दोषाने पद जाते. मत जातेच असे नव्हे.

आता आमच्या वसईकडे वळू. १९ नोव्हेंबर २०२४ रोजी, विधानसभेच्या मतदानाच्या आदल्या दिवशी, विरारच्या एका हॉटेलात भारतीय जनता पक्षाचे नेते विनोद तावडे यांस बहुजन विकास आघाडीच्या कार्यकर्त्यांनी घेरले. आरोप पैसे वाटल्याचा होता. तावडे यांनी तो नाकारला. ते दृश्य दिवसभर घरोघरी दिसत राहिले. त्या दिवसाचा पडदा आघाडीने जिंकला, असे कोणासही वाटले असते. २३ तारखेस निकाल लागला, तेव्हा वसईत खुद्द हितेंद्र ठाकूर पराभूत झाले होते, आणि नालासोपारा व बोईसर याही जागा आघाडीच्या हातून गेल्या होत्या.

मग दृश्य निष्फळच म्हणावयाचे काय? नाही. त्याचे फळ निराळे आहे: ते मत फिरवीत नसेल, पण प्रश्न झाकते. नळाचे पाणी, पावसाळ्यात तुंबणारे रस्ते, विरारच्या लोकलमधील जीवघेणी गर्दी, महापालिकेत घातलेल्या गावांचा जुना तंटा, यांविषयी उमेदवारांस विचारण्याची अखेरची संधी त्या गदारोळात बुडाली.

या बाबतीत अमेरिकेच्या वादसभेकडून घेण्याजोगे एक आहे. १९७६ साली अध्यक्ष फोर्ड यांनी जिमी कार्टर यांच्यासमोर, पूर्व युरोपावर सोव्हिएत वर्चस्व नाही, असे विधान केले. प्रश्नकर्त्या पत्रकाराने तत्क्षणी तोच प्रश्न पुन्हा विचारला. फोर्ड विधानास चिकटून राहिले. पुढे ते हरले. पण एवढ्यानेच हरले, असे छातीठोकपणे सांगता येत नाही, कारण १९८४ साली पहिल्या वादसभेत निष्प्रभ ठरलेल्या रेगन यांनी ५० पैकी ४९ राज्ये जिंकली. वादसभेचे मोल जयापजयात नसून त्या दुसऱ्या प्रश्नात आहे. घसरलेली जीभ आणि घसरलेला विचार यांतील भेद तेथेच कळतो. आमच्या पडद्यावर वाक्य शंभरदा ऐकू येते. त्यावरचा उपप्रश्न एकदाही नाही.

यावर उपाय फार खर्चाचा नाही. मतदारसंघातील सर्व उमेदवारांस एखाद्या महाविद्यालयाच्या सभागृहात एका व्यासपीठावर बसवावे, प्रश्न नागरिकांनी विचारावे, आणि उत्तर टाळले गेल्यास तोच प्रश्न दुसऱ्यांदा विचारण्याइतका धीट अध्यक्ष निवडावा. ज्यास यावयाचे नसेल, त्याची खुर्ची रिकामी ठेवावी.