ढोलाची जात

आफ्रिकन ढोल ऐकला की आपल्यातले कवी ‘काळ्या मातीचा हुंकार’ असलं काहीतरी लिहून मोकळे होतात. मी आधी विचारतो, वाजवणाऱ्याची जात कोणती?

सेनेगलमध्ये हा सवाल खुळा नाही. तिथल्या वोलोफ समाजात ‘गेर’ वरचे. लोहार, चामड्याचं काम करणारे आणि गाणारे-वाजवणारे ‘गेवेल’ हे खालचे. बेटीव्यवहार नाही. सेरेर मुलखात तर वाजवणाऱ्याचं मढं मातीत पुरत नसत. जमीन नापीक होईल म्हणे! गोरखचिंचेच्या पोकळ खोडात ठेवत. म्हणजे मेल्यावरही गावकुसाबाहेरच.

डुडू न्जाय रोझ (१९३०-२०१५) डाकारच्या अशाच गेवेल घरात जन्मले. पोरानं ढोल वाजवावा हे बापाला पसंत नव्हतं. हा बाप मला ओळखीचा वाटतो. १९५६ला धर्मांतर झालं आणि माझ्या आज्यानं हलगी खुंटीला टांगली. पाटलाच्या वरातीपुढं पुन्हा वाजवली नाही.

रोझ मात्र वाजवतच राहिले. म्हाताऱ्या वादकांकडून ठेके गोळा केले, डाकारच्या कलासंस्थेत शिकवले. त्यांचा ‘साबार’ म्हणजे एका हातात काठी, दुसरा तळवा थेट कातड्यावर. १९९१ साली गोरे बेटावर, जिथून गुलाम जहाजात भरले गेले तिथं, ५० ढोलवाले घेऊन त्यांनी ‘जाबोत’ ध्वनिमुद्रित केलं. एवढे ढोल, पण गोंगाट नाही. एक बोलतो, बाकीचे जबाब देतात. अंगावर काटा येतो.

बाईनं साबारला हात लावायचा नाही ही रीत त्यांनी मोडली. ‘रोझेट्स’ हा बायकांचा ताफा उभा केला. हे मोठंच काम. पण त्या बायका कोण? बहुतेक त्यांच्याच लेकी-सुना. बाईपणाची भिंत पडली, जन्माची तशीच राहिली. २००६ साली युनेस्कोनं त्यांना ‘जिवंत मानवी ठेवा’ म्हटलं. ठेव्याचा गौरव झाला, पण गेवेलाच्या घरी पोरगी द्यायला गेर अजून कचरतोच.

म्हणून मी रोझ यांना मानतो, पण नुसत्या टाळ्या वाजवत नाही. आपल्या जलशांनीही तीच ढोलकी वाजवली, पण कुणाच्या हुकमानं नाही. फरक तिथं आहे.

गेराच्या पोरीनं काठी उचलली आणि गेवेलाच्या पोरानं ढोल खाली ठेवला, तरी गावाला त्याचं काही वाटू नये. त्या दिवशी याला मी निव्वळ कला म्हणेन. आपल्या हलगीलाही हाच नियम.

जयभीम.