उसन्या गिटारचं रान

आधीच सांगून टाकतो, मला संगीताचं शास्त्र येत नाही. साच्याच्या खडखडाटात घडलेले कान आहेत माझे. तरीबी ‘ऑब्सेशन ७७’ टिटवाळा लोकलमध्ये मोबाइलवर चारदा ऐकली. ‘अ‍ॅटॉमिक फॉरेस्ट’ या मुंबईच्या रॉक बँडची ही एकुलती एक तबकडी, १९८१ सालची. आज परदेशातले शौकीन मूळ प्रतीसाठी भरमसाट पैसे मोजतात.

गिटार झकास आहे. आवाज मुद्दाम फाडलेला. हलगी आगीवर शेकून वाजवली की कातडं जसं बोलतं, तसं काहीतरी. हे आपल्याला परकं नाही. ‘ही श्रीमंतांची थेरं’ म्हणून नाक मुरडणाऱ्या आपल्यातल्या विद्वानांनी एकदा ऐकावं, मग बोलावं.

पण या रानात मुंबई कुठाय? गाणं इंग्रजीत. काही चाली तर सरळ दुसऱ्यांच्या. तबकडी आली १९८१ साली, आणि १८ जानेवारी १९८२ ला अडीच लाख गिरणी कामगार संपावर गेले. त्या भोंग्याचा एक सूर तरी यात सापडतो का? मला नाही सापडला.

जरा मागे जाऊ. १९७२ साली लेड झेपलिनचे पेज आणि प्लांट कुलाब्याच्या ‘स्लिप डिस्क’मध्ये वाजवून गेले. त्याच वर्षी याच शहरात दलित पँथर उभी राहिली, ‘गोलपिठा’ आलं. गंमत बघा. रॉकवाल्या पोरांनी काळ्या अमेरिकेकडून हेंड्रिक्सची गिटार घेतली. आपण नाव घेतलं, ब्लॅक पँथरचं. दोघांचाही सावकार एकच. पण आपण घेतलेलं नाव वरळीच्या चाळीतून चालवलं. १० जानेवारी १९७४ ला परळच्या मोर्चात भागवत जाधव मारले गेले, तेव्हा ते नाव उसनं राहिलं नाही. त्यांची गिटार मात्र उसनीच राहिली. वाजवणाऱ्यांत खोट नव्हती. कापसाच्या मळ्यात राबणाऱ्यांच्या पोटातून ते ब्लूज निघालं होतं. इथं कापूस पिंजणारे परळला होते आणि ऐकणारे कुलाब्याला.

इंग्लंडला लागून वेल्स आहे. तिथल्या शाळांत एकोणिसाव्या शतकात पोरगं वेल्श बोललं की त्याच्या गळ्यात लाकडाची पाटी अडकवत. ‘वेल्श नॉट’ म्हणत तिला. मडकं आठवलं ना? फरक इतकाच, पाटी दुसरं पोरगं सापडलं की त्याच्या गळ्यात जायची आणि संध्याकाळी उतरायची. मडकं उतरत नव्हतं. तर त्या वेल्सच्या कार्मार्थनमधल्या पोरांनी, गॉर्कीज झायगॉटिक मंकी असलं अचाट नाव त्यांचं, १९९७ साली ‘बाराफंडल’ काढली. हेच भास-रंगाचं संगीत, पण त्यात लोकगीताचा वास आणि इंग्रजीच्या जोडीला वेल्श भाषा. पाटीची भाषा गिटारवर चढवली त्यांनी.

आपल्याकडे हे आधीच झालंय, फक्त त्याला कुणी रॉक म्हणालं नाही. वामनदादा कर्डक आणि आपल्या कल्याणचे प्रल्हाद शिंदे. दोघंही २००४ साली गेले. शिंद्यांचा वरचा सूर ऐका, तोबी फाटतो, पण मशिनीशिवाय. आत्ताची आपली डीजे-भीमगीतं मात्र ‘ऑब्सेशन’इतकीच उसनी आहेत. कीबोर्डातला तयार ठेका आणि वर बाबासाहेबांचं नाव. याच्यावर बोललं की आपलीच माणसं रागावतात. रागवू देत.

१९८१ ची ती तबकडी अमेरिकेतल्या कंपनीनं शोधून परत काढली. त्याच काळातल्या भीमगीतांच्या कॅसेटी मोहने-आंबिवलीच्या चाळींत कपाटावर बुरशी खात पडल्यात. कुणाच्या घरात आहेत ते मला कळवा. टेप अडकली असली तर पेन्सिल मी घेऊन येतो.