पुढचे पाऊल आणि 'स्मृतिचित्रे'

आत्मचरित्राचा लेखक एका बाबतीत कादंबरीकाराहूनही भाग्यवान असतो; आपल्या कथेचा शेवट काय झाला, हे लेखणी उचलण्यापूर्वीच त्यास ठाऊक असते. परंतु हेच भाग्य पुष्कळदा त्याच्या ग्रंथाचा घात करते. ज्या दिवशी तो अंधारात चाचपडत होता, त्या दिवसाचे वर्णनही तो आजच्या उजेडात करतो, आणि मग त्याचे सारे आयुष्य आधीच आखून ठेवलेल्या वाटेने गेल्यासारखे दिसू लागते. आपल्याकडील कित्येक आत्मचरित्रे आम्हांस नीरस वाटतात, ती याच कारणाने. त्यांतील नायकास पुढे काय होणार याची खरी चिंता कधी पडलेलीच नसते. या दोषापासून जे मोजके ग्रंथ मुक्त आहेत, त्यांत लक्ष्मीबाई टिळकांच्या 'स्मृतिचित्रां'स आम्ही अग्रस्थान देतो.

१९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झालेल्या या ग्रंथातील विनोदाची, घरगुती भाषेची आणि निर्मळ मनाची आजवर पुष्कळ वाखाणणी झाली आहे, आणि ती यथार्थच आहे. तथापि ग्रंथ वाचताना मनास जी ओढ लागते, तिचा उलगडा केवळ या गुणांनी होत नाही. आमच्या मते तिचे मूळ यात आहे की, लक्ष्मीबाई आपल्या पूर्वीच्या अज्ञानाचा मान राखतात. त्या वेळी जे ठाऊक नव्हते, ते त्या वाचकासही आगाऊ कळू देत नाहीत.

नाशिकजवळच्या जलालपुरास १८६८ साली जन्मलेल्या या मुलीचे लहान वयातच नारायण वामन टिळकांशी लग्न झाले, आणि स्थैर्याने तिच्या संसारातून जणू रजा घेतली. टिळक कवी, उदार आणि मनस्वी. आजची नोकरी उद्या राहील याचा भरवसा नाही, आलेला पैसा घरात टिकेल याचा नाही, आणि केव्हा केव्हा तर खुद्द यजमानच कोणास न सांगता निघून जावयाचे! ते कोठे गेले, कधी येणार, हे विचारावयाचे तरी कोणास? पुढे १० फेब्रुवारी १८९५ रोजी टिळकांनी मुंबईस ख्रिस्ती धर्माची दीक्षा घेतली. तेव्हा तर परतीची वाटही मोडल्यासारखी झाली. एकीकडे पती, दुसरीकडे धर्म, माहेर आणि सारा गोतावळा. पदरी एक लहान मूल. या ताटातुटीच्या काळात लक्ष्मीबाई पंढरपुरास राहिल्या, आणि तेथेच त्यांच्या दुःखास कवितेची वाट सापडली.

एखाद्या सामान्य लेखकाने हा भाग कसा लिहिला असता? लक्ष्मीबाई पुढे पतीकडे गेल्या आणि त्यांनीही ख्रिस्ती धर्म स्वीकारला, हे त्यास ठाऊक असल्यामुळे पंढरपूरचे दिवस त्याने त्या शेवटाची प्रस्तावना करून टाकले असते. लक्ष्मीबाई तसे करीत नाहीत. त्या पतीकडे परतल्या, त्या हिंदू म्हणूनच. स्वयंपाकपाणी त्यांनी वेगळे ठेवले. मग जातिभेदाची कल्पना मनातून गळाली, आणि धर्मांतराचा निश्चय झाला तो त्याही पुढे. प्रत्येक पायरी पुढची दिसत नसताना चढलेली आहे, आणि दोन पायऱ्यांमधील अंतर त्यांनी कोठेही बुजविलेले नाही. वाचक त्यांच्या धर्माचा असो वा नसो, हा प्रामाणिकपणा त्यास जिंकून घेतो.

रमाबाई रानड्यांच्या 'आमच्या आयुष्यांतील कांहीं आठवणी' या १९१० च्या ग्रंथाशी तुलना केली असता हा विशेष अधिक स्पष्ट होतो. तोही थोर ग्रंथ आहे. रमाबाईंनी छळ सोसला, घरातील बोलणी खाल्ली. पण पुढे कोठे जावयाचे हे जाणणारा एक धीरगंभीर पुरुष त्यांच्या शेजारी होता. त्या आठवणींत श्रद्धेची शांती आहे, ती त्यामुळेच. लक्ष्मीबाईंच्या वाटाड्यास स्वतःचीच वाट ठाऊक नव्हती. म्हणून त्यांस जे धैर्य लागले, त्याची जात निराळी.

यावर कोणी म्हणेल की, 'स्मृतिचित्रां'तील विनोद हा तरी मागाहून आलेल्या शहाणपणाचाच ना? उपाशी राहण्याच्या दिवशी कोणास हसू येते? आक्षेप खरा आहे. हसणारी लक्ष्मीबाई ही उतारवयातील आहे. पुत्र देवदत्त यांच्या आग्रहावरून लिहावयास बसलेली आहे. परंतु तिचे हसणे घडून गेलेल्या गोष्टीस हसते, पुढे घडणाऱ्या गोष्टीचे भाकीत करीत नाही. फजिती झाली ती सांगते. 'यातूनच पुढे कल्याण झाले' असे तात्पर्य तिला चिकटवीत नाही. हा भेद लहान दिसला तरी साऱ्या ग्रंथाचे सत्य त्यावर उभे आहे.

दुसराही एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. अनिश्चितता स्वीकारणे म्हणजे दैवावर हवाला ठेवून बसणे, असे आपल्याकडे मानले जाते, आणि लक्ष्मीबाईंस सोशिक पतिव्रता ठरवून त्यांचा गौरवही केला जातो. ग्रंथ त्यास साक्ष देत नाही. त्या पतीशी भांडतात, अडून बसतात, पटेपर्यंत एक पाऊलही टाकीत नाहीत. आणि एकदा पटले म्हणजे जगाकडे पाहत नाहीत. उद्याचे ठाऊक नसले तरी आजचे कर्तव्य चुकवावयाचे नाही, आणि उत्तर मिळाले नसता मिळाल्याचे सोंग आणावयाचे नाही, एवढेच त्यांचे तत्त्वज्ञान.

पदवी हाती पडलेल्या तरुणांस 'पुढे काय?' हा प्रश्न किती जाचतो, हे आम्ही अनेक वर्षे वर्गात पाहत आलो आहोत. त्यांचे आईबापही त्यास आजच्या आज उत्तर मागतात, आणि त्या घाईत मुलगा न पटलेलीच वाट पटल्याचे सांगून मोकळा होतो. अशा घरात यशस्वी पुरुषांच्या चरित्रांची भर घालण्यात अर्थ नाही. त्यांतील वाटा फारच सरळ असतात. त्यापेक्षा 'स्मृतिचित्रे' घरात मोठ्याने वाचली जावीत, आणि आईबापांनीही ती ऐकावीत, असे आम्ही सुचवितो.