सातबारा कुणाला वाचता येतो?

गेल्या मे महिन्यात बांद्याला घरी पोचलो, तर आजी सातबाऱ्याची प्रिंट हातात घेऊन बसलेली. "बाबू, तुज्या आज्याचा नाव कापल्यानी रे," म्हणाली. आजोबांच्या नावावर आडवी रेघ होती. तिला वाटलं, जमीन गेली. खरं तर रेघेचा अर्थ वारसनोंद झाली एवढाच होता. आजीचं नाव खालीच होतं.

ती रेघ ही सुधारणा आहे, हे विशेष. सप्टेंबर २०२० मध्ये महसूल विभागाने सातबाऱ्याचा नमुना बदलला. मयत खातेदार आधी कंसात दाखवत, आता नावावर रेघ मारतात. खाते क्रमांक 'इतर हक्क'च्या गर्दीतून नावाशेजारी आला. लागवडीयोग्य आणि पोटखराब क्षेत्राची एकूण बेरीज दिसू लागली. दोन खातेदारांमध्ये ठळक रेघ आली. आमच्याकडे एकाच जमिनीत डझनांनी सहहिस्सेदार असतात, तिथे ही मांडणी मोठीच सोय. डिझाइनला मी चांगले मार्क देईन.

पण मांडणी बदलली, भाषा तीच राहिली.

क्षेत्राच्या रकान्यात ०.१२.५० असं असतं. मला तो सॉफ्टवेअरचा व्हर्जन नंबर वाटला होता. ते शून्य हेक्टर, बारा आर, पन्नास चौरस मीटर, म्हणजे १२५० चौरस मीटर. आजी गुंठ्यात विचार करते. तिच्यासाठी ते साडेबारा गुंठ्यांना थोडं कमी. 'भोगवटादार वर्ग १' आणि 'वर्ग २' यांत फरक एका आकड्याचा, पण वर्ग २ ची जमीन विकायला सरकारी परवानगी लागते. कागदावर हे कुठेच सांगितलेलं नाही. 'सातबारा' हे नावसुद्धा गाव नमुना ७ आणि १२ या फॉर्म नंबरांवरून आलंय.

राजभाषा अधिनियम १९६४ चा. त्याने कारभार मराठीत आणला. पण मराठीत असणं आणि कळणं या दोन गोष्टी आहेत. आमच्या कामात युजरला एरर मेसेज कळला नाही, तर चूक आमची धरतात. इथे चूक आजीची ठरते, आणि ती प्रिंट घेऊन कुणातरी 'जाणकारा'कडे जाते. तो जाणकार नेहमी नातूच असेल, असं नाही.

उपाय फार मोठा नाही. उताऱ्याच्या तळाशी चार ओळी छापा: नावावर रेघ म्हणजे काय, वर्ग २ म्हणजे काय, क्षेत्र कसं वाचायचं. आजीच्या प्रिंटच्या मागे मी त्या पेनाने लिहून दिल्या. आता शेजारच्या काकी त्यांचा सातबारा घेऊन आजीकडे येतात.