‘आक्षेपार्ह’ या शब्दाची चिकित्सा

‘आक्षेपार्ह मजकूर प्रसारित केल्याबद्दल तरुणावर गुन्हा दाखल’ ही बातमी आता रोजची झाली आहे. मजकूर काय होता हे त्या बातमीत नसते. आक्षेप कोणाचा, कशासाठी, तो खरा की बनावट, याचाही उलगडा होत नाही. मराठीचा अध्यापक म्हणून मला या शब्दाची चिकित्सा करावीशी वाटते. समीक्षेत एखादी कृती हिणकस ठरवायची तर कारणे द्यावी लागतात. शासनव्यवहारात मात्र ‘आक्षेपार्ह’ म्हटले की कारण देण्याची जबाबदारीच संपते.

आमच्या वाङ्मयाला हा शब्द नवा नाही. १९७२ साली ‘साधना’त राजा ढाले यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख आला. गदारोळ झाला तो राष्ट्रध्वजाविषयीच्या शब्दांवर. ज्या अत्याचारांतून ते शब्द जन्मले ते बाजूलाच राहिले. १९८७ साली महाराष्ट्र शासनाने बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांचा चौथा खंड प्रसिद्ध केला. त्यातील राम-कृष्णावरील भाग वगळावा, अशी मागणी झाली. १९८८ साली आमचा समाज मुंबईच्या रस्त्यावर उतरला, तेव्हा कुठे मजकूर टिकला. तोही शासन या मतांशी सहमत असेलच असे नाही, अशी टीप जोडून. बाबासाहेबांनी विचारलेल्या प्रश्नांना उत्तर देण्याचे कष्ट आक्षेप घेणाऱ्यांपैकी किती जणांनी घेतले?

इथे एक गोष्ट लक्षात घेतली पाहिजे. ‘मूकनायक’ ३१ जानेवारी १९२० रोजी निघाला, तेव्हा ‘केसरी’ने पैसे घेऊनही त्याची जाहिरात छापायला नकार दिला होता. तेव्हा दारावरचा पहारेकरी संपादक होता. आज औंढ्याच्या किंवा सेनगावच्या खेड्यातून हिंगोलीला शिकायला येणारा, घरातला पहिलाच मॅट्रिक झालेला मुलगा मोबाईलवर कविता लिहितो, गावातल्या अन्यायाचे छायाचित्र काढतो आणि कोणालाही न विचारता जगापुढे ठेवतो. त्याच्यापुरते छापखाना, संपादक, वितरक हे सगळे त्या एका यंत्रात आले आहे. म्हणूनच या माध्यमावर कोणाचा पहारा बसतो, हा प्रश्न इतरांपेक्षा आमच्यासाठी अधिक निकडीचा आहे.

माहिती तंत्रज्ञान कायद्यात २००८ च्या दुरुस्तीने कलम ६६-अ आले. ‘अतिशय आक्षेपार्ह’ संदेशाला तीन वर्षांपर्यंतची कैद, आणि मनस्ताप वा गैरसोय व्हावी म्हणून पाठवलेल्या खोट्या संदेशालाही तीच शिक्षा. गैरसोय! इथल्या प्रस्थापितांची गैरसोय न करता दलित लेखकाने लिहायचे तरी काय? नोव्हेंबर २०१२ मध्ये बाळासाहेब ठाकरे यांच्या निधनानंतर मुंबईतल्या बंदविषयी फेसबुकवर चार ओळी लिहिणाऱ्या पालघरच्या एका तरुणीला अटक झाली. त्या ओळी आवडल्याची खूण करणाऱ्या तिच्या मैत्रिणीलाही झाली. २४ मार्च २०१५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हे कलम घटनाबाह्य ठरवले, तेही मुख्यतः त्यातील शब्द संदिग्ध आहेत म्हणून. सप्टेंबर २०२४ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने केंद्राच्या तथ्यतपासणी कक्षाचा नियम रद्द केला, तेव्हाही ‘बनावट, खोटे, दिशाभूल करणारे’ या शब्दांच्या मोघमपणावरच बोट ठेवले गेले. न्यायालयांनी केलेली ही एका अर्थाने भाषेचीच समीक्षा आहे.

पण २०१५ च्या त्याच निकालात कलम ६९-अ टिकले. या कलमान्वये केंद्र सरकार संकेतस्थळे, छायाचित्रे, खाती बंद करू शकते. त्यात आक्षेपार्हतेचा उल्लेख नाही. देशाची सुरक्षा, सार्वजनिक सुव्यवस्था अशी नेमकी कारणे आहेत आणि ती लेखी नोंदवण्याचे बंधनही आहे. मात्र २००९ च्या नियमावलीतील सोळावा नियम तक्रार आणि कारवाई गुप्त ठेवायला सांगतो. म्हणजे कारण लिहिले जाते, पण ज्याचा मजकूर गेला त्याच्या हाती ते पडेलच असे नाही. बंदी आणणाऱ्याचे नाव तरी पूर्वी ठाऊक असे. आता लेखकाला एवढेच कळते की आपले पान उघडत नाही.

याचा अर्थ खैरलांजीच्या संदर्भात पाहावा. २९ सप्टेंबर २००६ रोजी भंडारा जिल्ह्यात ते हत्याकांड झाले आणि मोठी वृत्तपत्रे जवळजवळ महिनाभर गप्प राहिली. मृतदेहांची छायाचित्रे हातोहात आणि इंटरनेटवरून फिरली, तेव्हा महाराष्ट्र हादरला. ती छायाचित्रे पाहवत नव्हती. ‘आक्षेपार्ह’ हीच कसोटी लावली असती, तर सर्वांत आधी तीच काढून टाकली गेली असती. आणि त्यांच्याबरोबर पुरावाही.

आता आपल्याकडे वळू. मे २०१२ मध्ये एनसीईआरटीच्या अकरावीच्या पाठ्यपुस्तकातील शंकर यांच्या १९४९ च्या व्यंगचित्रावर संसदेत वादळ उठले. राज्यघटनेच्या गोगलगायीवर बाबासाहेब बसलेले आणि मागे चाबूक उगारलेले नेहरू. चित्र काढून टाकण्याची घोषणा झाली. पुणे विद्यापीठात सुहास पळशीकर यांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. ज्यांच्या आजोबांच्या पाठीवर खराखुरा चाबूक बसला, त्यांना ते चित्र बोचले यात नवल नाही. त्या वेदनेला भावनिक म्हणून झटकणारे विद्वान मला मान्य नाहीत. परंतु तोडफोड हे त्या चित्राला उत्तर नव्हते. त्या चित्रातील नजर कोणाची, चाबूक कोणाच्या हाती आणि का, हे सांगणारी दलित दृष्टीची समीक्षा त्याच पाठ्यपुस्तकात छापा, अशी मागणी आपण करायला हवी होती. १९८८ साली आपण मजकूर राहावा म्हणून चाललो आणि २०१२ साली तो जावा म्हणून. दुसऱ्या वेळी आपण सत्तेच्या हातात तेच हत्यार दिले, जे पहिल्या वेळी आपल्यावर उगारले गेले होते.

बाबासाहेबांच्या प्रतिमेची विटंबना करणारी चित्रे मोबाईलवरून फिरतात, आणि त्यांनी वस्त्या पेटू शकतात, हे मी विसरलेलो नाही. अशा द्वेषाविरुद्ध अत्याचार प्रतिबंधक कायदा आहे; त्याची अंमलबजावणी मागितलीच पाहिजे. तिथे गुन्ह्याची व्याख्या असते, आरोपी असतो, उघड्या न्यायालयात सुनावणी असते. गुप्त आदेशात यांतले काहीच नसते. म्हणून चळवळीची मागणी साधी असावी : कोणताही मजकूर बंद करायचा तर आदेश लेखी, सकारण आणि उघड असावा, आणि ज्याने लिहिले त्याला आधी विचारले जावे. शतकानुशतके ज्यांना न विचारताच दोषी ठरवले गेले, त्यांनी याहून कमी मागू नये.