कौटुंबिक हिंसाचार कायद्यातील मुलांच्या भेटीची तरतूद : बीड जिल्ह्याच्या संदर्भात एक चिकित्सा

प्रस्तावना

कौटुंबिक हिंसाचारापासून महिलांचे संरक्षण अधिनियम, २००५ हा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून अमलात आला. पत्नीचा छळ करणाऱ्यास शिक्षा देण्याची तरतूद तत्कालीन भारतीय दंड संहितेत १९८३ मध्येच कलम ४९८ अ च्या रूपाने आली होती. परंतु पतीला शिक्षा झाली तरी पत्नीने राहावे कोठे, खावे काय आणि मुलांचे काय करावे, या प्रश्नांना तिच्यात उत्तर नव्हते. संरक्षण, निवास, आर्थिक साहाय्य, मुलांचा ताबा व नुकसानभरपाई हे सर्व एकाच अर्जावर मागता यावे, हा २००५ च्या कायद्याचा विशेष आहे. कलम १८ ते २२ मध्ये ही पाच प्रकारची साहाय्ये क्रमाने येतात.

यांपैकी मुलांच्या ताब्याविषयीचे कलम २१ हे आकाराने लहान असल्यामुळे त्याच्याकडे सहसा बारकाईने पाहिले जात नाही. वस्तुतः हिंसेच्या घरातून बाहेर पडलेल्या स्त्रीचा पतीशी असलेला संबंध बहुधा मुलांच्या निमित्तानेच शिल्लक राहतो. मूल वडिलांना भेटवायचे कोठे, त्याला नेऊन सोडायचे कोणी, परत आणायचे कोणी, हे प्रश्न वरवर किरकोळ वाटतात. पण पुन्हा हिंसा घडण्याची संधी नेमकी तेथेच असते. प्रस्तुत लेखात कलम २१ व त्याच्याशी संबंधित नियमांच्या शब्दयोजनेची चिकित्सा करून, बीडसारख्या हंगामी स्थलांतराच्या जिल्ह्यात ती कितपत पुरी पडते, याचा विचार केला आहे.

कलम २१ : दोनच पर्याय

कलम २१ नुसार न्यायदंडाधिकारी सुनावणीच्या कोणत्याही टप्प्यावर मुलांचा तात्पुरता ताबा पीडित महिलेला देऊ शकतात आणि आवश्यक वाटल्यास गैरअर्जदाराने मुलांना भेटण्याची व्यवस्था ठरवून देऊ शकतात. त्यापुढील परंतुकात असे म्हटले आहे की, अशी भेट मुलाच्या हिताला बाधक ठरेल असे न्यायदंडाधिकाऱ्यांचे मत झाल्यास त्यांनी भेटीस नकार दिला पाहिजे.

या रचनेचे गुण मान्य केले पाहिजेत. अन्य कायद्यांत काहीही असले तरी हे कलम लागू होते. ताब्याचा अर्ज वेगळ्या न्यायालयात करून वर्षानुवर्षे थांबण्याची वेळ स्त्रीवर येत नाही. नकाराबाबतची भाषाही ऐच्छिक नसून बंधनकारक आहे. तथापि, कलमात शब्दशः दोनच टोके दिसतात : एक तर भेट, नाही तर नकार. बहुसंख्य प्रकरणे या दोन टोकांच्या मध्ये असतात. पित्याने मुलावर कधी हात उगारलेला नसतो, पण मुलासमोर आईला मारलेले असते. मुलाला वडिलांची ओढ असते आणि भीतीही असते. अशा वेळी पूर्ण नकार मुलावर अन्याय करणारा ठरतो आणि मोकळी भेट आईला धोक्यात घालते. त्रयस्थाच्या उपस्थितीत, ठरलेल्या जागी, ठरलेल्या वेळेपुरती होणारी भेट हा तिसरा पर्याय कलमाच्या शब्दांत नाही. ‘व्यवस्था’ या शब्दात तो बसविता येतो. पण तसे करणे सर्वस्वी संबंधित न्यायाधीशांच्या जाणिवेवर सोडलेले आहे.

नियम १० : देखरेख कोणावर?

‘देखरेख’ हा शब्द कायद्याला अगदीच अपरिचित आहे असे मात्र नाही. २००६ च्या नियमांतील नियम १० मध्ये संरक्षण अधिकाऱ्याची काही अधिक कर्तव्ये दिली आहेत. न्यायदंडाधिकाऱ्यांनी लेखी निर्देश दिल्यास, पीडित महिलेला मुलांचा ताबा परत मिळविण्यास साहाय्य करणे आणि अधिकाऱ्याच्या देखरेखीखाली मुलांना भेटण्याचा तिचा हक्क मिळवून देणे, हे त्यांतील एक कर्तव्य आहे.

हे वाक्य नीट वाचले असता एक विसंगती लक्षात येते. मुले सासरी अडकलेली आहेत आणि आईला त्यांना भेटता येत नाही, अशी परिस्थिती येथे गृहीत धरली आहे. ती परिस्थिती खरी आहे आणि तेथे अधिकाऱ्याची उपस्थिती आईला आधार देणारी आहे. परंतु देखरेखीचा स्पष्ट उल्लेख येतो तो केवळ पीडित स्त्रीच्या भेटीसंदर्भात. जिच्यावर हिंसा झाली तिची भेट देखरेखीखाली आणि ज्याच्यावर हिंसेचा आरोप आहे त्याची भेट मात्र केवळ ‘ठरवून दिलेली’, असा या दोन तरतुदी एकत्र वाचल्यावर निघणारा अर्थ आहे. कायदा करणाऱ्यांचा हेतू असा नसावा. पण हेतू चांगला असला तरी तालुका पातळीवरील अधिकारी नियमात लिहिलेले तेवढेच काम आपले मानतो.

संपर्कबंदी आणि भेट

दुसरी विसंगती कलम १८ व कलम २१ यांच्यात आहे. कलम १८ खालील संरक्षण आदेशाने गैरअर्जदारास पीडित महिलेशी प्रत्यक्ष, तोंडी, लेखी किंवा दूरध्वनीवरून कोणत्याही प्रकारे संपर्क साधण्यास मनाई करता येते. त्याच प्रकरणात कलम २१ खाली महिन्यातून दोन रविवारी मुलाची भेट मंजूर झाली, तर ती भेट संपर्काशिवाय घडवायची कशी? मूल तीन वर्षांचे असेल तर ते स्वतः चालत जाणार नाही. कोणी तरी ते सोपवावे लागते आणि ही सोपवणूक एस. टी. स्थानकावर, न्यायालयाच्या आवारात किंवा पोलीस ठाण्याच्या दारात होते. ज्याच्याशी बोलण्यास न्यायालयाने मनाई केली त्याच्याच हाती मूल देण्यासाठी स्त्रीला समोर उभे राहावे लागते.

मामा किंवा आजोबांनी मूल पोचविणे हा ग्रामीण भागात सहज सुचणारा उपाय आहे. स्त्रीला मदत करणाऱ्या नातेवाइकांवर हिंसा करण्यास कलम १८ मध्ये मनाई करता येते, ही जमेची बाजू होय. परंतु दोन कुटुंबांतील वैर आधीच पेटलेले असताना मामाची उपस्थिती भांडण टाळील की वाढवील, हे सांगता येत नाही.

शिक्षेच्या तरतुदीतही अशीच फट आहे. कलम ३१ खाली एक वर्षापर्यंत कारावास किंवा २०,००० रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. परंतु त्या ‘संरक्षण आदेशा’च्या भंगाबद्दल, आणि संरक्षण आदेश म्हणजे कलम १८ खालील आदेश, अशी कायद्याची व्याख्या आहे. भेटीनंतर मूल परत न करणे हा कलम २१ खालील आदेशाचा भंग होय. त्याला कलम ३१ लागू होते किंवा कसे, यावर वाद घालण्यास जागा राहते. म्हणून भेटीच्या व सोपवणुकीच्या अटी कलम १८ खालील आदेशातही लिहून घेणे, ही अर्ज तयार करणाऱ्या वकिलाने घ्यावयाची साधी पण महत्त्वाची काळजी आहे.

बीड जिल्ह्यातील परिस्थिती

वरील उणिवा सर्वत्र जाणवणाऱ्या असल्या तरी बीड जिल्ह्यात त्यांना वेगळे रूप येते. दसऱ्यानंतर जिल्ह्यातील लाखो ऊसतोड मजूर पश्चिम महाराष्ट्र व कर्नाटकातील साखर कारखान्यांकडे जातात आणि पट्टा पडल्यानंतर मार्च-एप्रिलमध्ये परततात. मुकादमाकडून मिळणारी उचल बहुधा जोडप्याच्या नावे, म्हणजे ‘कोयत्या’च्या हिशेबाने असते. पत्नी घर सोडून गेली तर कोयता अर्धा होतो. उचल मात्र अंगावर पूर्ण राहते. त्यामुळे हंगामाच्या तोंडावर पत्नीला परत आणण्याचा दबाव केवळ कौटुंबिक नसतो, तो आर्थिकही असतो. मूल आपल्याकडे ठेवले की आई आपोआप येईल, हा हिशेब अशा वेळी सुचणे कठीण नाही. येथे मुलाची भेट मागण्यामागे वात्सल्य किती आणि कोयता पूर्ण करण्याची निकड किती, हे पारखण्याची गरज निर्माण होते.

‘दर रविवारी’ अशी भेटीची व्यवस्था स्थिर वस्तीचे कुटुंब गृहीत धरते. वर्षातील पाच-सहा महिने बाप एका जिल्ह्यात, आई माहेरच्या टोळीबरोबर दुसऱ्या जिल्ह्यात आणि मूल गावी आजीजवळ किंवा हंगामी वसतिगृहात, असे चित्र असल्यास तो आदेश कागदावर राहतो. याहून गंभीर बाब अशी की, वसतिगृहात किंवा शाळेत बाप येऊन ‘मुलाला नेतो’ म्हणाला तर त्याला अडविण्याचा आधार शिक्षकांकडे नसतो. कलम २४ नुसार आदेशाची प्रत पक्षकारांना, ज्या हद्दीत अर्ज झाला तेथील पोलीस ठाण्याला व स्थानिक सेवा देणाऱ्या संस्थेला दिली जाते. शाळा व वसतिगृह यांचा त्या यादीत समावेश नाही. आदेश केजच्या न्यायालयाचा आणि मूल कोल्हापूर जिल्ह्यातील कारखान्याच्या तळावर, अशी स्थिती असेल तर तेथील पोलिसांनाही त्याची माहिती नसते. कलम २७ नुसार आदेश भारतभर अमलात आणता येतो. पण ज्याची प्रतच पोचलेली नाही, तो अमलात आणणार कोण?

बालविवाहाचे प्रमाण हा आणखी एक घटक आहे. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या पाचव्या फेरीनुसार (२०१९-२१) बीड जिल्ह्यात २० ते २४ वयोगटातील सुमारे ४४ टक्के स्त्रियांचे लग्न १८ वर्षे पूर्ण होण्याआधी झालेले होते. म्हणजे ताबा मागणारी आई कित्येकदा स्वतःच नुकती सज्ञान झालेली असते. बालविवाह प्रतिबंध अधिनियम, २००६ च्या कलम ५ मध्ये अशा विवाहातून झालेल्या मुलांच्या ताब्याविषयी जिल्हा न्यायालयाने आदेश द्यावा आणि दुसऱ्या पक्षाला मुलाच्या हिताला पोषक अशा रीतीने भेट द्यावी, असे म्हटले आहे. येथे ‘कोणत्या रीतीने’ हा प्रश्न तरी कायद्याने विचारला आहे. उत्तर मात्र याही ठिकाणी न्यायालयावर सोपविले आहे.

न्यायालयीन दृष्टिकोन

सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२४ मध्ये तामिळनाडूतील एका प्रकरणात दिलेला निर्णय या दृष्टीने उल्लेखनीय आहे. साधारण दोन वर्षांच्या मुलीला दर रविवारी मदुराईहून सुमारे १५० किलोमीटरवरील करूर येथे नेण्याचा आदेश बदलून, पित्याने मदुराईतच उद्यानात किंवा मंदिराच्या आवारात मुलीला भेटावे, असे न्यायालयाने ठरविले. प्रवास मुलाने नव्हे तर भेटणाऱ्याने करावा, हे त्यातील तत्त्व आष्टीपासून परळीपर्यंत पसरलेल्या जिल्ह्यात फार मोलाचे आहे. मात्र त्याच आदेशात, मुलीला सुरक्षित वाटावे म्हणून आईने सुमारे १० फूट अंतरावर थांबावे, असेही म्हटले आहे. मुलीच्या वयाचा विचार करता ही सोय समजण्यासारखी आहे. परंतु हिंसेचा आरोप असलेल्या प्रकरणात देखरेख करण्याचे काम अखेर तक्रारदार स्त्रीकडेच येते, ही त्रुटी नजरेआड करता येत नाही. त्रयस्थ व्यक्ती व सुरक्षित जागा उपलब्ध नसेल तर सर्वोच्च न्यायालयालाही उद्यान आणि मंदिर यांचाच आधार घ्यावा लागतो, असा याचा अर्थ आहे.

अन्य देशांत ही उणीव कायद्यानेच भरून काढण्याचे प्रयत्न झाले. न्यूझीलंडमध्ये १९९४ साली एका पित्याने आपल्या तीन मुलींची हत्या केल्यानंतर १९९५ मध्ये कायदा बदलण्यात आला आणि हिंसा सिद्ध झालेल्या पालकास, मूल सुरक्षित राहील अशी खात्री पटल्याशिवाय, देखरेखीविना भेट देऊ नये, असे ठरले. अमेरिकेत २००० च्या कायद्याने देखरेखीखालील भेट व सुरक्षित सोपवणूक यांच्या केंद्रांसाठी निधीची तरतूद केली. आपल्याकडे मोठ्या शहरांतील कौटुंबिक न्यायालयांत विवाह समुपदेशक व मुलांसाठी स्वतंत्र खोली यांमुळे थोडीफार सोय झाली आहे. तालुक्याच्या न्यायदंडाधिकाऱ्यांसमोर चालणाऱ्या अर्जाला तिचा लाभ होत नाही.

आक्षेप व शक्यता

देखरेखीची अट पित्याला आरोपी ठरविते, असा आक्षेप घेतला जातो. त्यात तथ्य आहे. आरोप सिद्ध होण्यापूर्वी मुलाशी परक्यासमोर बोलावे लागणे अपमानास्पद वाटू शकते. परंतु देखरेखीला पर्याय बहुधा नकाराचा असतो, हे विसरता कामा नये. शिवाय त्रयस्थाने ठेवलेली नोंद निर्दोष पित्याच्याही उपयोगी पडते. चार-सहा भेटी सुरळीत झाल्याचा पुरावा देऊन तो मोकळी भेट मागू शकतो.

गावातच, अंगणवाडीत किंवा तंटामुक्त गाव समितीसमोर भेट व्हावी, ही सूचना सोयीची वाटली तरी स्वीकारण्यासारखी नाही. अंगणवाडी सेविका त्याच गावची, बहुधा त्याच भावकीतली असते. २००७ पासूनच्या तंटामुक्ती मोहिमेचा रोख समेटावर आहे. भेटीच्या जागेचे रूपांतर ‘आता नांदायला जा’ असे सांगणाऱ्या बैठकीत झाले, तर तिचा मूळ उद्देशच नष्ट होतो.

त्यापेक्षा सध्याच्या कायद्याच्या चौकटीतच काही गोष्टी शक्य आहेत. कलम २८ नुसार न्यायालयाला अर्ज निकाली काढण्याची स्वतःची कार्यपद्धती ठरविता येते. आदेशात सोपवणुकीची जागा तालुक्याच्या ठिकाणी शासकीय इमारतीत असावी. आई व वडील यांच्या येण्या-जाण्यात ठरावीक अंतर असावे. भेटीवर देखरेख ठेवण्याचा लेखी निर्देश संरक्षण अधिकाऱ्याला असावा. हंगामाच्या काळात प्रत्यक्ष भेटीऐवजी अधिकाऱ्याच्या किंवा संस्थेच्या दूरध्वनीवरून संभाषण व्हावे, म्हणजे आईचा ठावठिकाणा उघड होणार नाही. आणि आदेशाची प्रत शाळा, वसतिगृह व कारखान्याच्या हद्दीतील पोलीस ठाणे यांनाही मिळावी. महिला व मुलांसाठी साहाय्य कक्ष आणि सखी केंद्र यांना या कामात जोडून घेता येईल. या सर्वांसाठी पूर्णवेळ संरक्षण अधिकारी हवा. मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने जिल्हा व तालुका पातळीवर संरक्षण अधिकारी निश्चित करण्याचे निर्देश राज्यांना दिले आहेत. त्यांच्याकडे अन्य कामांच्या जोडीने हे काम राहिले, तर रविवारच्या भेटीला ते उपस्थित राहतील अशी अपेक्षा व्यर्थ आहे.

निष्कर्ष

कलम २१ ने पीडित स्त्रीला मुलांचा तात्पुरता ताबा त्वरित मिळण्याचा मार्ग दिला, हे त्याचे यश आहे. परंतु भेट म्हणजे द्यावयाचा किंवा नाकारावयाचा एक हक्क, एवढ्याच दृष्टीने त्याने या विषयाकडे पाहिले. मूल एका हातातून दुसऱ्या हातात जाते त्या क्षणाचा विचार केला नाही. नियमांत देखरेख आली ती पीडितेच्या भेटीपुरती. बीड जिल्ह्यात अंतर, स्थलांतर, उचल व लहान वयातील मातृत्व यांमुळे ही उणीव अधिक तीव्र होते. नियम १० मध्ये गैरअर्जदाराच्या भेटीवरील देखरेखीचा स्पष्ट समावेश करणे आणि कलम २४ च्या यादीत मुलाची शाळा व वसतिगृह घालणे, या दोन दुरुस्त्या शब्दांनी लहान आहेत. त्या होईपर्यंत आदेश लिहिणाऱ्या न्यायाधीशांनी आणि अर्ज लिहिणाऱ्या वकिलांनी भेटीची तारीख जितक्या काळजीने लिहिली जाते, तितक्याच काळजीने तिची जागा, वेळ आणि सोबत कोण असेल हेही लिहिणे आवश्यक आहे.